आलं का लोणी?

फ्रिजला कुलूप नव्हतं, त्यामुळे मी साय चोरली असं कायद्याने म्हणता येणार नाही. मी ती फक्त कोणाला न सांगता, कोणी बघत नसताना आणि रोज खात होतो.

तेव्हा मी खडकीत एका काकूंकडे पेइंग गेस्ट होतो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, त्यातली मुलाची खोली. मुलगा सॉफ्टवेअरमधे, अमेरिकेत. त्याच्या कपाटात त्याची इंजिनिअरिंगची पुस्तकं आणि त्याच्या पलंगावर मी. काका एका कारखान्यात तपासनीस होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, पण तपासायची सवय गेली नव्हती. भाजी आली की ते एकेक भेंडी उजेडात धरून बघायचे. काकू म्हणायच्या, "पास झाली असेल तर चिरू का?"

मी नगर रोडवरच्या एका कॉल सेंटरला होतो. संध्याकाळी जायचं, सकाळी यायचं. ही नोकरी मला मिळाली ती आवाजांमुळे. माझं शिक्षण तालुक्याच्या गावात, मराठी मीडियम, इंग्रजी म्हणजे पाठांतर. पण नकला लहानपणापासून. आठवीत असताना मी शाळेच्या माइकवरून हेडमास्तरांच्या आवाजात अर्धी सुट्टी जाहीर केली होती. अर्धी शाळा घरी गेली. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावलं, आधी मारलं, मग दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हं, आता काढ परत तो आवाज." पुण्यात इंटरव्ह्यूला मॅडमनी टेप ऐकवली, कोणी परदेशी बाई बिलाबद्दल भांडत होती. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण मी ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मॅडम म्हणाल्या, सोमवारपासून या.

तर सकाळी सातला कंपनीची गाडी मला खडकी स्टेशनच्या कोपऱ्यावर सोडायची. घरी यावं तर काकू किटली घेऊन गोठ्यावर दुधाला गेलेल्या. पिशवीचं दूध त्यांना चालायचं नाही, त्या त्याला 'पांढरं पाणी' म्हणायच्या. काका बाथरूममधे. आणि मी, रात्रभर परदेशातल्या लोकांची माफी मागून पोटात खड्डा पडलेला, फ्रिजसमोर.

फ्रिजमधे वरच्या कप्प्यात काचेची बरणी असायची. रोजच्या म्हशीच्या दुधावरची साय काकू त्यात साठवायच्या, विरजण लावलेली, थरावर थर. कालची पोळी, त्यावर ही साय, त्यावर साखर, आणि गुंडाळी. ज्यांनी खाल्लंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून उपयोग नाही. पहिल्या दिवशी एक चमचा घेतला. आठवड्याने एका चमच्याचा डाव झाला होता.

मग बरणीची पातळी खाली जायला लागली. मी गावचा असलो तरी बिनडोक नव्हतो. स्टेशनजवळच्या डेअरीतून दह्याची पिशवी आणायची, बरणीत जेवढी जागा झाली असेल तेवढं दही ओतायचं, चमच्याने ढवळायचं आणि वरून थोडी साय ओढून घ्यायची, पलंगपोस ओढतात तशी. बरणी कायम गळ्यापर्यंत भरलेली. मला या कल्पनेचा तेव्हा अभिमान वाटला होता, हे सांगितलेलं बरं.

रविवारी सकाळी काकू ताक घुसळायच्या. त्यांच्या मुलाने पाठवलेलं एक विजेवर चालणारं यंत्र होतं, खोक्यासकट माळ्यावर. काकूंचं म्हणणं, मिक्सरमधे लोणी निघतं, पण ते घाबरून निघतं. त्यांची लाकडी रवी होती, चांगली हातभर दांड्याची. कारखान्याच्या क्वार्टरमधे असताना त्यांनी भिंतीशी खुंटा रोवला होता म्हणे. फ्लॅटमधे खुंटा कुठे रोवणार? मग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला सुतळीचे दोन फास, त्यात रवीचा दांडा अडकवलेला, खाली पाटावर उंच पातेलं आणि दांड्याला दोरीचे दोन वेढे. काकू समोर बसून दोरीची टोकं आळीपाळीने ओढायच्या. खिडकीचा गज थरथरायचा. खालच्या पार्किंगमधे स्कूटर पुसणारे लोक वर बघायचे आणि म्हणायचे, आज रविवार.

घुसळताना नियम होते. बोलायचं नाही. मधेच उठायचं नाही. रिकाम्या पातेल्यात रवी फिरवायची नाही, घरात भांडणं होतात. जी बाई आत आली तिने उंबऱ्यावर उभं राहायचं नाही, एकतर आत या नाहीतर बाहेर जा. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे विचारायचं नाही. आलं का, किती आलं, अजून कसं नाही आलं, काही नाही. विचारलं की टोक, म्हणजे नजर, लागते आणि मग आलेलंही मागे फिरतं. मी पहिल्या रविवारी हौसेने विचारलं, "काकू, आलं का हो?" तर त्यांनी दोरी थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे बाळंतिणीलाही असंच दारातून विचारतात का?"

या नियमाला एकच माणूस अपवाद. तळमजल्यावरच्या खाला.

काका आणि खालांचे मिस्टर एकाच कारखान्यात होते. क्वार्टरच्या एकाच ओळीत दोन्ही घरं, मधे एक भिंत. रिटायर झाल्यावर दोघांनी ठरवून एकाच बिल्डिंगमधे फ्लॅट घेतले. पुढे खालांचे मिस्टर वारले. खाला मुलाकडे-सुनेकडे, म्हणजे मुलगा-सून खालांकडे. क्वार्टरमधल्या पहिल्या उन्हाळ्यापासून, काकूंच्या हिशेबाने तीस वर्षं, दर रविवारी खाला अॅल्युमिनियमचा कडीचा डबा घेऊन ताकाला येत. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा तर प्रश्नच नाही, खालांचा डबा जिन्यात आधी ऐकू यायचा आणि खाला मागून दिसायच्या. आणि दारातच, उंबऱ्यावर उभं राहून, एका दमात दोन नियम मोडत त्या ओरडायच्या:

"आलं का गं ताई लोणी?"

त्यात 'लोणी' असं लांबवायच्या की तो शब्दच घुसळल्यासारखा वाटायचा. काकू दोरी न सोडता म्हणायच्या, "आलं, तुझीच वाट बघत होतं." आणि बहुतेकदा खरंच त्याच सुमाराला यायचं. मी एकदा म्हटलं, "काकू, खालांची टोक लागत नाही?"

"तिची लागत असती तर माझं घर कधीच कोरडं पडलं असतं," काकू म्हणाल्या. "तिचं विचारणं चालतं."

का चालतं, ते सांगितलं नाही. मी खालांचा आवाज आठवड्याभरात बसवला. काकूंनाही करून दाखवला. त्या हसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. काका पेपरच्या मागून म्हणाले, "हुबेहूब. पण ती जरा नाकात बोलते." तपासनीस!

माझी साय-पोळी चांगली रुजल्यावरच्या पहिल्या रविवारी लोणी निम्मंच आलं. काकू म्हणाल्या, म्हैस बदलली असेल गोठ्यावर. दुसऱ्या रविवारी लिंबाएवढा गोळा. त्या दिवशी दुपारी काकूंनी मीठ-मोहरी मुठीत घेतली आणि पातेल्याची दृष्ट काढली. माणसाची दृष्ट काढताना मी पाहिली होती, म्हशीची पाहिली होती, नव्या मोटरसायकलची पाहिली होती. पातेल्याची पहिल्यांदा. मोहरी गॅसवर टाकल्यावर वास आला नाही म्हणून काकूंचा चेहरा उतरला. जळताना वास येत नाही म्हणजे दृष्ट जबरदस्त आहे म्हणे. मी तिथेच उभा होतो, आठवडाभर ती साय खाल्लेला, आणि मी म्हटलं, "अरे बापरे."

साय खाणं तेव्हाच बंद करता आलं असतं. नाही केलं. सकाळी सातला माणसाला तत्त्वं नसतात.

तिसऱ्या रविवारी काकूंनी तयारी केली होती. दोरीला जुनी लोखंडी किल्ली बांधलेली. मला सांगितलं, "तू आपला खोलीत झोप, तुझे दात दिसतात." म्हणजे मी हसतो, आणि लोण्याला हसलं की ते येत नाही. मी झोपलो नाही. दाराच्या फटीतून ऐकत होतो. घुसळण्याचा आवाज कळायला लागला होता मला: आधी पचपच, मग खळखळ, आणि लोणी जमायला लागलं की रवी जड होते, दोरी कण्हते, आवाज जाडा होतो. तो जाडा आवाज येईना. नुसती खळखळ. काकूंनी गार पाणी घातलं. मग म्हणाल्या गार जास्त झालं, कोमट घातलं. पाऊण तास गेला. शेवटी त्यांनीच नियम मोडला.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "कणीसुद्धा नाही."

मी बाहेर आलो. त्या रवीकडे बघत बसल्या होत्या. हात मांडीवर, तळवे वर, दोरीच्या लाल रेघा उमटलेल्या. म्हणाल्या, "माझ्या सासूबाई सांगायच्या, तीनदा ओळीने लोणी आलं नाही तर रवी खुंटीला टांगायची. त्या हाताचं संपलं. पुढचा हात शोधायचा." मग जरा थांबून, "पुढचा हात तिकडे अमेरिकेत पिझ्झा खातोय."

काका पेपर बाजूला ठेवून आले. त्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं, रवीची फुलं बोटाने तपासली, खिडकीचा गज हलवून बघितला. मग म्हणाले, "तू हात बघत बसलीस. आम्ही कारखान्यात माल का बिघडला ते शोधताना कामगाराचा हात नाही बघायचो. आधी कच्चा माल बघायचा. कुठे ठेवतेस ती बरणी?"

आणि ते फ्रिजकडे निघाले.

फ्रिजमधे तेव्हा अर्धी दह्याची पिशवी होती, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीखाली. मी लपवलेली. काकांनी भेंडी उजेडात धरून बघितल्यासारखी ती पिशवी धरली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं. मला काहीतरी करायचं होतं, आणि मला एकच गोष्ट करता येते. मी दारापाशी गेलो, उंबऱ्यावर उभा राहिलो, कमरेवर हात ठेवला आणि नाकातून, घुसळत, म्हटलं:

"आलं का गं ताई लोणी?"

काका थांबले आणि हसले. फ्रिजचं दार उघडायचं राहिलं.

काकू हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग उंबऱ्याकडे, मग पातेल्याकडे. काहीतरी जुळत होतं त्यांच्या डोक्यात, आणि ते जुळताना मला दिसत होतं. किल्ली बांधून झाली होती, दृष्ट काढून झाली होती, म्हशीला दोष देऊन झाला होता. न तपासलेली एकच गोष्ट उरली होती.

तेवढ्यात जिन्यात डबा वाजला.

खाला वर आल्या, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, कमरेवर हात, आणि तेच वाक्य, त्याच सुरात. मी नुकतंच म्हटलेलं. नक्कल आधी आणि अस्सल मागून, असं मी आयुष्यात एकदाच ऐकलंय.

काकू दोरी गुंडाळत म्हणाल्या, "तू जरा विचारत जाऊ नकोस."

खालांना वाटलं चेष्टा आहे. "अगं, तीस वर्षं विचारतेय मी."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या.

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. खालांनी डबा ओट्यावर ठेवला. आपटला नाही, नीट ठेवला, कडी आडवी करून. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या. जिन्यात काहीच वाजलं नाही.

डबा आमच्याकडेच राहिला.

तो आठवडा मी साय खाल्ली नाही. उरलेलं दही मी जिन्याखालच्या मांजराला घातलं. माझा हिशेब साधा होता. मी खाणार नाही, बरणीत खरी साय भरेल, रविवारी लोणी येईल, काकूंचा हात शाबूत आहे हे सिद्ध होईल, रवी टांगायची वेळ येणार नाही, आणि सगळे आपोआप पूर्वीसारखे होतील. कोणाला काही सांगायची गरज नाही. कॉल सेंटरला आम्हाला हेच शिकवलं होतं: कस्टमरचा प्रॉब्लेम सुटला की झालं, कारण सांगत बसू नका.

गुरुवारी सकाळी गाडीतून उतरलो तर डेअरीवर खाला उभ्या. मी ज्या फ्रिजमधून दह्याच्या पिशव्या घ्यायचो त्याच फ्रिजमधून त्यांनी ताकाची पिशवी काढली होती आणि चष्मा वर करून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचत होत्या.

"बघ रे जरा," मला म्हणाल्या, "ह्याच्यात मीठ घातलंय का? मला बीपी आहे."

मी वाचलं. होतं मीठ. जिरंही होतं.

"नको मग," त्या म्हणाल्या. पिशवी परत ठेवली. मग निघताना, माझ्याकडे न बघता, "ताईचा हात दुखतो का रे फार? मागच्या रविवारी लाल झाला होता."

"नाही," मी म्हटलं. "बरा आहे."

"ती कोमट पाणी जास्त घालते. सांगितलं तर ऐकायची नाही." आणि त्या रिकाम्या हाताने गेल्या.

चौथा रविवार. खाला येणार नव्हत्या, हे सगळ्यांना माहीत होतं, तरी नऊ वाजता काकांनी एकदा जिन्याकडे बघितलं. काकू दोरी ओढत होत्या. पचपच झाली. खळखळ झाली. मी खोलीत उभा राहून ऐकत होतो, आणि अर्ध्या तासाच्या आत तो जाडा आवाज आला. दोरी कण्हायला लागली. मी बाहेर धावलो. रवीच्या फुलांना पांढरी कणी चिकटली होती, बघता बघता तिचे पुंजके झाले, आणि काकूंनी हात घालून गोळा वर काढला तेव्हा तो दोन्ही तळव्यांत मावेना. आठ दिवस एक चमचाही न चोरलेली साय होती ती. काका म्हणाले, "वा. पास."

काकूंच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण वेगळा. कोडं सुटल्यावर होतो तसा. गोळा गार पाण्यात सोडत त्या म्हणाल्या, "बघा. आज ती आली नाही, विचारलं नाही, आणि आलं की नाही?" आणि मग हळू, स्वतःशीच, "वाटलं नव्हतं गं तुझीच टोक असेल."

मी साय खात होतो तेव्हा फक्त चोर होतो. खायची थांबवली आणि पुरावा तयार केला. खालांच्या विरुद्ध. चौथ्या रविवारचं ते लोणी म्हणजे काकूंच्या दृष्टीने निकाल होता, आणि तो मी माझ्या हाताने, म्हणजे हात न लावून, दिला होता. हे मला तिथे, त्या पातेल्याशेजारी उभं असताना कळलं. आधी कळलं असतं तर मी हुशार ठरलो असतो.

मी सुरुवात केली ती काकांच्या आवाजात. जड, घसा खाकरून, तपासनीस: "आम्ही कारखान्यात काय करायचो, आधी कच्चा माल..."

"नकला नकोत," काकू म्हणाल्या. "काय असेल ते तुझ्या तोंडाने बोल."

माझ्या तोंडाने बोलायला वेळ लागला. मला जरा शोधावा लागला तो आवाज. मग मी सांगितलं. बरणी, पोळी, साखर, पिशवी, कोथिंबीर.

काकू लोणी धूत होत्या. पाणी बदललं. "किती दिवस?"

"महिनाभर."

"रोज?"

"शनिवार-रविवार सुट्टी असते." हे खरं होतं, पण सांगायला नको होतं.

"साखर घालून?"

"हो."

"आणि वर दही."

"हो."

"पिशवीतलं." हा शब्द त्यांनी असा उच्चारला की बाकीचे गुन्हे त्यापुढे लहान वाटले. दुसरं पाणी ओतलं, तिसरं घेतलं. पाणी स्वच्छ झालं तरी त्या गोळा फिरवतच होत्या. मग म्हणाल्या, "खाल्लंस ते खाल्लंस. घरचं पोर असतं तर त्यानेही खाल्लं असतं. पण तिचा आवाज का काढलास?"

"काका फ्रिजकडे निघाले होते."

काकांनी माझ्याकडे बघितलं. बरीच वर्षं न सापडलेला एखादा नग सापडावा तसं.

"मी जाऊन खालांना सांगतो," मी म्हटलं. "माझी चूक आहे."

"तुझी चूक तुझ्यापाशी ठेव. तिला बोलले मी. तू नाही बोललास."

"मग ताक तरी देऊन येतो."

"ताक कोणी घरपोच देत नसतं. ताकाला माणूस येतं. आणि आता ती येणार नाही." त्यांनी ओट्यावरच्या डब्याकडे बघितलं. आठ दिवस तो तिथेच होता, कडी आडवी. रोज पुसला जात होता, पण जागा बदलली नव्हती. "आणि डबा रिकामा परत द्यायचा नसतो," त्या म्हणाल्या.

म्हणजे गाठ अशी बसली होती: ताक पोचवता येत नाही, डबा मोकळा देता येत नाही, आणि न्यायला कोणी येणार नाही. काका म्हणाले, "साखर घाल त्यात वाटीभर."

"वाण्याकडे आहे साखर," काकू म्हणाल्या.

घुसळून झालं की पहिला लोण्याचा गोळा देवापुढे जायचा. लहानसा, सुपारीएवढा. तो त्यांनी देवापुढे ठेवला. बाकीचं लोणी कढवून तूप व्हायचं, ते मुलाकडे कोणी जाणारं असलं की बरोबर जायचं, आणि खाली उरलेली बेरी मला मिळायची. लोणी म्हणून ते घराबाहेर कधी गेलेलं मी पाहिलं नव्हतं. ताक जगाला, लोणी घरात. काकूंनी डबा उघडला, आत विड्याचं एक पान ठेवलं आणि सगळाच्या सगळा गोळा त्यात ठेवून झाकण लावलं. काकांनी काही तपासलं नाही.

काकू कठडा धरत खाली उतरल्या. मी जिन्याच्या शेवटच्या वळणापर्यंत मागे गेलो, तिथून पुढे जायचं धाडस झालं नाही. दार खालांनीच उघडलं.

"डबा राहिला होता तुझा," काकू म्हणाल्या.

"आठ दिवस राहिला."

"मोकळा कसा आणू?"

खालांनी डबा हातात घेतला. वजनावरूनच कळलं असणार. झाकण उघडून बघितलं. "ताई, हे ताक नाही."

"ताक न्यायला तू येतेस. मी आणत नाही."

"मी आले की येत नाही ना तुझं."

"तू आलीस की, तू विचारलंस की, तसं काही नाही." काकूंनी माझ्याकडे, म्हणजे जिन्याच्या वळणाकडे, मागे न बघता हात केला. "वर एक बोका पाळलाय. साय खातो आणि तुझ्या आवाजात ओरडतो."

खालांनी वाकून वर बघितलं. मी होतो तिथेच होतो.

"नाकात बोलते का रे मी?" त्या म्हणाल्या.

"थोडंसं," मी म्हटलं.

"हरामखोर," त्या म्हणाल्या, आणि काकूंना, "आत ये, जिन्यात काय उभी राहतेस? उंबऱ्यावर उभं राहायचं नसतं, तूच सांगतेस ना?"

दार लागलं. मी वर आलो. काकांनी फ्रिज उघडला होता आणि भाजीचा कप्पा ओट्यावर रिकामा करून बसले होते. कोथिंबिरीची एकेक काडी बघत.

काकूंनी नियम सोडले असं समजू नका. रात्री जेवताना मी म्हटलं, "म्हणजे टोक वगैरे काही नसतंच." त्या म्हणाल्या, "असते. साय खाणाऱ्याची नक्की असते." आणि दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमधे बरणीशेजारी एक वाटी दिसायला लागली, झाकण घातलेली, आत दोन चमचे साय. साखर नसायची. साखर मी माझी आणायची, असं ठरलं.

पुढचा रविवार. पातेलं मांडलं होतं आणि दोरी माझ्या हातात होती, कारण शिक्षा सुरू झाली होती. काकू शेजारी पाटावर बसून माझी चूक काढत होत्या, म्हणजे ओढताना कोपर वर जातंय, दांडा वाकडा फिरतोय. बोलायचं नाही हा नियम मला होता, त्यांना नव्हता. नऊच्या सुमाराला जिन्यात डबा वाजला. नेहमीपेक्षा हळू. खाला वर आल्या. उंबऱ्यावर थांबल्या नाहीत, नियमाप्रमाणे सरळ आत आल्या, ओट्याशी उभ्या राहिल्या आणि ओढणीचं टोक तोंडावर धरलं. एक शब्द नाही. पातेल्याकडेही बघेनात, कॅलेंडरकडे बघत होत्या.

मी ओढत होतो. खळखळ चालली होती. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"विचार की," काकू म्हणाल्या.

खालांनी मान हलवली. नाही.

"तीस वर्षं बोंबललीस, आता काय तोंड शिवलंय? विचार."

खालांनी ओढणी खाली घेतली. नेहमीचा आवाज नव्हता तो. लांबवला नाही, घुसळला नाही. मी आजवर त्याची नक्कल करायला गेलो नाही.

"आलं का गं?"

काकूंनी वाकून पातेल्यात बघितलं. मीही बघितलं. नुसतं पांढरं पाणी, वर फेस.

"नाही आलं," काकू म्हणाल्या आणि बाजूचा पाट पुढे ओढला. "बस. वेळ लागेल."